शेपटीचा कापूस

संघदीपचा हात थरथरतो, असं मी एकदा दहा माणसांदेखत म्हणाले होते. ते खोटं होतं. देवरावभाऊंना 'तुम्हाला साधी सुई बसवता येत नाही' असं म्हणाले होते, तेही खोटं. दोघांनी मला ते कधी ऐकवून दाखवलं नाही. पण मी विसरलेली नाही. आता निवृत्त झाले आहे, तोंडही पूर्वीइतकं चालत नाही. तेव्हा त्या तीन-चार दिवसांत ज्यांनी मला सांभाळून घेतलं त्यांचे आभार तरी धड मानावेत, म्हणून हे लिहायला बसले.

गोष्ट दोन हजार सहा सालच्या कार्तिकातली. मी आर्णी तालुक्यात गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. त्या वर्षांत शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्या जिल्ह्यात बाहेरच्या गाड्या फार यायच्या. पाहणी पथकं, वार्ताहर, अभ्यास करणारी मुलं. चहाच्या टपरीवर उतरायचे आणि पहिला प्रश्न एकच, इथं जवळपास कोण गेलं? देवरावभाऊ आमच्या दवाखान्यातले परिचर, छप्पन वर्षांचे, शांत माणूस. ते एकदा एका गाडीवाल्याला म्हणाले, "गेलेल्याईचं इचारता साहेब, पन जे हायेत त्याईचंबी थोडं इचारत जा ना." गाडीवाल्यानं ते वहीत लिहून घेतलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी संघदीप मोटरसायकलवर दवाखान्यात आला. संघदीप वनरक्षक, तिशीच्या आतला, बोलायला कमी. त्यानं सांगितलं, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या खेमसिंग राठोडाचा बैल रानडुकरासाठी लावलेल्या फासात अडकला. फास म्हणजे मोटरसायकलच्या क्लचची तार. बैलानं खुंटी उपटली आणि तार गळ्यात घेऊन झुडपांत पळाला. रविवारची गोष्ट. तारेचं मोकळं टोक झुडपात अडकतं आणि प्रत्येक हिसक्याला फास आणखी आवळतो. पाणी घशाखाली उतरतं, वैरण उतरत नाही. खेमसिंगनं एकदा जवळ जाऊन तार ओढून पाहिली, तेव्हापासून बैल त्यालाही वीस-पंचवीस पावलांच्या आत येऊ देत नाही.

"फास कोणी लावला?" मी विचारलं.

"ते मी मागून पाह्यतो मॅडम. आधी बैल पाहू."

बैलाला लांबूनच गुंगी देणं भाग होतं. रेंज ऑफिसात लाकडी पेटीत एक जुनी डार्टची रायफल होती, गॅसवर चालणारी. मी नागपूरला तीन दिवसांचं शिबिर केलं होतं आणि तालुक्यात ती रायफल समजणारी मी एकटीच आहे असं मला वाटायचं. विकतचे डार्ट केव्हाच संपले होते. नवे येतील तेव्हा येतील म्हणून आम्ही ते हातानं बनवत होतो. डार्ट म्हणजे उडतं इंजेक्शन. प्लॅस्टिकच्या दोन सिरिंजा एकाला एक जोडायच्या, पुढच्या भागात औषध भरायचं, मागच्या भागात हवा दाबायची, टोकाला बाजूनं भोक असलेली सुई आणि त्या भोकावर रबराची टोपी. सुई कातड्यात शिरली की रबर सरकतं आणि हवा औषधाला आत ढकलते. आणि मागे शेपटी लागते, गोंड्यासारखी, म्हणजे डार्ट नाक पुढे ठेवून सरळ जातो.

त्या शेपटीवरून देवरावभाऊ उन्हाळ्यातच मला म्हणाले होते, "लोकर आनू काय मॅडम? तुमीच सांगतलं होतं, शिबिरातल्याले लोकर होती म्हनून."

मी म्हणाले होते, "कापसाच्या जिल्ह्यात बसून लोकर शोधत फिरायची? कापूस घरोघरी पडलाय."

सगळे हसले होते. मलाही माझं बोलणं फार आवडलं होतं. कापसाची छान गुबगुबीत शेपटी मी स्वतःच्या हातानं बांधून दाखवली आणि देवरावभाऊंनी तशाच वीस-पंचवीस बांधल्या.

बुधवारी उजाडायच्या सुमारास आम्ही तांड्यावर पोचलो. खेमसिंगची बायको झमकीबाई वाटेवरच उभी होती. पन्नाशीची, उंच, हातभर बांगड्या. तिनं मला जरा बाजूला घेतलं.

"मॅडम, बैलानं रविवारपासून तोंडात काई घेतलं नाई. तवापासून मालकानंबी नाई घेतलं. निरा चहावर हाय. भाकर वाढली का उठून जाते." तिनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाठमोरा बसला होता. "बैलाचं दुःख हाय मले. पन भेव याचं हाय. हे दिवस कसे हायेत, तुमाले सांगाले नोको."

सांगायला नकोच होतं. बैल वाचवायचा होता तो या माणसासाठी, हे मला तिथंच कळलं.

बैलाचं नाव चांद्या. तो दिवसभर गचपणात दडून राहायचा आणि फक्त पहाटे नाल्यावर पाणी प्यायला बाहेर यायचा. आम्ही धुऱ्याच्या आडोशाला बसलो. गवतावर दव असं पडलेलं की चपला निथळत होत्या. डार्ट एका ताटलीत मांडून शेजारी गवतावर ठेवले होते. औषध चार डार्टांपुरतंच होतं. तासाभरानं चांद्या आला. मान पुढे ताणलेली, गळ्याखाली सूज, श्वासाचा घर्रघर्र आवाज आमच्यापर्यंत येत होता.

रायफल संघदीपच्या हातात होती. अंतर पंचवीस पावलं. एवढ्यावरून बैलाचा पुठ्ठा चुकणं अवघड. पहिला डार्ट निघाला आणि निम्म्या वाटेत उजवीकडे वळून गवतात गेला. बैलाला कळलंही नाही. दुसरा त्याच्या पायांच्या चार हात अलीकडे जमिनीत घुसला. त्या आवाजानं चांद्या उधळला आणि गचपणात गेला. तार कुठंतरी अडकली असणार, कारण आतून एक घुसमटलेला हंबरडा आला. खेमसिंगनं कानांवर हात ठेवले.

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "हात थरथरतो तर सांगायचं होतंस आधी! मी मारला असता."

तांड्यावरची दहा-बारा माणसं होती. संघदीपनं रायफल खाली केली. "होईन मॅडम, माहीच चूक असन," एवढंच म्हणाला.

दुपारी दवाखान्याच्या मागच्या अंगणात मी पोत्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरलं, त्यावर गेरूनं भाकरीएवढं गोल काढलं आणि पंचवीस पावलं मोजली. डार्टांत औषधाऐवजी पाणी. खरं सांगायचं तर मला संघदीपचा हातच पकडून द्यायचा होता, म्हणून रायफल टेबलावर वाळूच्या पिशवीत रुतवून ठेवली. म्हणजे कुणाचा हात कसाही असो, नळी हलणार नाही. पाच डार्ट मारले. पाचही पाच दिशांना. एक तर कुंपणाच्या तारेला जाऊन अडकला.

म्हणजे हात निर्दोष. हे मी तिथल्या तिथं बोलायला हवं होतं. बोलले नाही. मी दुसरा आरोपी शोधला.

"देवरावभाऊ, तुम्हाला साधी सुई बसवता येत नाही का?"

त्यांनी काच आणली, एकेक डार्ट काचेवर लोळवून पाहिला. दोन सुया जराशा डगमगत होत्या. त्या बदलल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय सुधारलं ते कळत नाही, एवढी शिस्त माझ्यात होती. पुन्हा पाच मारले. थोडा फरक. मग लक्षात आलं, काही डार्टांत पाणी अर्धवट भरलेलं होतं, ते उडताना आत हिंदकळत असणार. सगळे काठोकाठ भरले. आणखी फरक. मग गॅस. एकामागून एक मारलं की काट्यावरचा दाब खाली सरकायचा. प्रत्येक बारानंतर थांबून काटा जागेवर येऊ दिला. मग नळीतून चिंधी ओढली. चिंधीबरोबर मळ निघाला आणि कापसाचे तंतूही निघाले. ते मी बोटानं झटकून टाकले. तिथंच थांबून विचार करायला हवा होता. पण शेपटी माझी होती ना, तिच्यावर संशय घेणार कोण!

चार वाजेपर्यंत पाचच्या पाच डार्ट तळहाताएवढ्या जागेत बसू लागले. मी इतकी खूश झाले की सगळ्यांना माझ्याकडून आलूबोंडे. संघदीप खाताना म्हणाला, "मंग उद्या तुमीच मारा मॅडम." त्यात टोमणा नव्हता. तो टोमणे मारत नाही.

गुरुवारी पहाटे पुन्हा तोच धुरा, तेच दव, पुन्हा तासभर वाट पाहणं. चांद्या आला तेव्हा त्याला पुढचे पाय नीट टाकता येत नव्हते. मी नेम धरला. काटा जागेवर, सुई सरळ, औषध काठोकाठ, नळी स्वच्छ. चाप ओढला. डार्टनं हवेत चक्क कोलांटी घेतली आणि बैलाच्या पाठीवरून आडवा निघून गेला.

आता औषध एकाच डार्टचं उरलं होतं.

खेमसिंग हळूहळू उठला, माझ्याजवळ आला आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाला, "राहू द्या मॅडम. तुमी लय केलं. आता सोडून द्या." आणि शेताकडे चालू लागला. रागावून शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

झमकीबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. ती देवरावभाऊंना म्हणाली, "भाऊ, त्याच्यासंग जाता काय? नुसते बसा."

देवरावभाऊ गेले. कोणी त्यांना सुट्टी दिली नव्हती, मी काही सांगितलं नव्हतं. ते सकाळी साडेसहाला जाऊन खेमसिंगच्या शेजारी बसले आणि दिवे लागेपर्यंत तिथंच होते. काय बोललात, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, "काई नाई. त्यानं बैलाचं सांगतलं, मी माह्या मायच्या म्हशीचं सांगतलं."

तांड्याच्या लोकांनी गवतात डार्ट शोधला. तो झमकीबाईला सापडला. तिनं उचलला आणि सुईकडे बघितलंही नाही. शेपटी चिमटीत धरून दाबली. पाण्याचे थेंब टपटप खाली पडले.

"हा कापूस कोनं लावला?"

संघदीप खाली बघू लागला. देवरावभाऊंचं नाव सांगून मी सुटले असते. ते तिथं नव्हतेही. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना. "मी," म्हणाले. "ते लोकर म्हणत होते. मी ऐकलं नाही."

आणि झमकीबाई हसली. एवढ्या काळजीतही तिला हसू आवरेना. "मॅडम, तुमी कदी कापूस येचला नाई."

नव्हता वेचला. यवतमाळ शहरात जन्म, वडील कलेक्टर कचेरीत. कापूस मी आयुष्यभर पाहिला होता तो रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्या गाड्यांवर.

ती सांगू लागली. वेचणाऱ्या बाया भल्या पहाटे शेतात शिरतात आणि मालक ओरडतो, ऊन पडू द्या, मग वेचा. कारण दवातला कापूस पाणी पितो आणि भलताच भरतो. सकाळची एक झोळी दुपारच्या दोन झोळ्यांएवढी जड. हाताला नुसता गारेगार लागतो, पण काट्यावर खरं कळतं. हे आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी पोरीलाही ठाऊक आहे. कालच्या सरावाचं संघदीपकडून ऐकून ती म्हणाली, "दुपारी तुमचा नेम बराबर, सकाळी चुकते. नेम तोच हाय मॅडम. शेपूट तोंडापेक्षा जड झालं, तं थे सरळ कसं जाईन?"

मी धुऱ्यावर बसले. दुपारी कोरडा कापूस, पहाटे भिजलेला कापूस. काच, काटा, चिंधी, सगळं तपासलं आणि जे मी स्वतः बांधलं तेवढं सोडून दिलं. ज्या जिल्ह्यात कापसाशिवाय बोलणं होत नाही, तिथं कापसालाच विसरले.

"लोकर पाहिजे," मी म्हणाले. "आर्णीच्या बाजारात बघते."

"बाजारात कायले?"

ती घरात गेली. लोखंडी पेटीच्या तळातून एक ओढणी घेऊन आली. गडद लाल, आरशांची, कडेला लाल-पिवळ्या लोकरीचे गोंडे. लग्नातली होती. कात्री हातात घेतलेली पाहून मी तिचा हात धरला. "नको हो. दुसरं काहीतरी करू."

"याडीनं केलती," ती म्हणाली. याडी म्हणजे तिची आई. "याडी असती आज, तं तिनंच कापलं असतं." आणि कचकन पहिला गोंडा कापला.

पुढच्या तासाभरात मी जेवढं शिकले तेवढं तीन दिवसांच्या शिबिरात शिकले नव्हते. तिनं गोंडे सोडवले, लोकर फणीनं विंचरली, सगळे धागे गुडघ्यावर ताणून एका लांबीचे केले. मेण लावलेल्या दोऱ्यानं मधोमध आवळलं, दुमडलं, पुन्हा आवळलं. मग दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखं फिरवलं, त्यानं धागे चहूबाजूंनी सारखे पसरले. जे बाहेर डोकावले ते कात्रीनं उडवले. "एका बाजूनं जास्त झालं ना, तं चालतानी गोंडा गालावर येते," ती म्हणाली. "चारी बाजूनं सारखा असला तं जागेवर राह्यते." शिबिरातल्या साहेबांनी हेच अर्धा तास फळ्यावर बाण काढून सांगितलं होतं. मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं.

पोतं, टेबल, वाळूची पिशवी सगळं तांड्यावर मागवलं. बादलीभर पाणी घेतलं. आधी कापसाच्या शेपटीचा डार्ट बुडवून मारला, तो पोत्याला लागलाच नाही. मग लोकरीचा बुडवला. झमकीबाईनं तो दोनदा झटकला, पाणी उडालं, गोंडा पुन्हा फुलला. "लोकर पानी अंगावर घेते, पोटात नाई घेत." मारला. गेरूच्या गोलात. दुसरा त्याच्या शेजारी. पाच मारले, पाचही तिच्या तळहाताखाली झाकले गेले. फक्त एक झालं, सगळे आधीपेक्षा चार बोटं वर लागत होते. ओझं कमी, म्हणून वर. मी नेमाची पट्टी खाली केली आणि पुन्हा पाच मारले, मग पुन्हा पाच. तांड्यावरच्या बाया सुपं-टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या आणि शेवटी तर प्रत्येक बाराला वाहवा करू लागल्या. लाज आणि आनंद एकाच वेळी किती वाटू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळीही खेमसिंग जेवला नाही. देवरावभाऊंनी त्याच्यापुढं स्वतःचा डबा उघडला, तर म्हणाला, "तुमी घ्या भाऊ, त्याच्या नरड्याखाली नाई जात तं माह्या कसं जाईन?"

शुक्रवारी पहाटे तीच दहा-बारा माणसं धुऱ्यामागे होती. मी शेवटचा डार्ट भरला, नळीत सरकवला आणि रायफल संघदीपच्या हातात दिली. कुजबुजण्याएवढ्याच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात याचाच चांगला आहे. परवा मी खोटं बोलले."

संघदीपनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमाले उमजायचं होतं थे उमजलं," म्हणाला आणि जमिनीवर पालथा झाला.

चांद्या फार उशिरा आला. चार पावलं टाकायचा, थांबायचा. पाण्याजवळ पोचून त्यानं मान खाली घातली, पण त्याला पिता येईना. नुसतं तोंड पाण्यात घालून उभा राहिला. माझ्या शेजारी बसलेला खेमसिंग गुडघ्यांवर उठून बघू लागला. मग फुस्स असा आवाज झाला आणि बैलाच्या पुठ्ठ्यावर लाल-पिवळा गोंडा उभा राहिला. मधोमध, सरळ.

बैल चाळीस-पन्नास पावलं पळाला आणि थांबला. मान झुकली, मागचे पाय पसरले, हळूच खाली बसला. आम्ही पाय न वाजवता गेलो. देवरावभाऊंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळ्यांवर फडकं टाकलं. तार मांसात बोटभर रुतली होती. संघदीपनं पक्कड लावली, दोनदा घसरली, तिसऱ्यांदा तार तुटली. फास निघाल्याबरोबर चांद्यानं जो श्वास घेतला तो इतका लांब होता की झमकीबाई मोठ्यानं रडू लागली. जखमेत अळ्या होत्या. मी त्या काढल्या, धुतलं, औषध भरलं आणि गुंगी उतरवायचं इंजेक्शन दिलं.

दहा मिनिटं झाली, बैल उठला नाही. पंधरा झाली. मी मनगटावरचं घड्याळ सारखं बघत होते आणि ज्यांना कधी हात जोडले नव्हते त्या सगळ्यांना हात जोडत होते. खेमसिंग बैलाच्या कानाशी तोंड नेऊन त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटत होता. वीस मिनिटांनी एक कान हलला. मग पुढचे गुडघे जमिनीत रोवले गेले. देवरावभाऊ मागून शेपटीला हात घालून "हं राजा, हं" म्हणत होते. आणि चांद्या उठला. लडबडला, उभा राहिला, वळून त्यानं देवरावभाऊंचा सदरा हुंगला.

नाल्यावर तो बराच वेळ पाणी प्यायला. खेमसिंगनं धुऱ्यावरचं हिरवं गवत उपटलं आणि मूठ पुढे केली. बैलानं हुंगलं, ओठांनी ओढलं, सावकाश चावलं आणि गिळलं. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होतो. खेमसिंगनं दुसरी मूठ उपटली.

मी संघदीपचे आभार मानले, देवरावभाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, आता यंदा दवाखान्यात गाद्या भरू त्या कापसाच्या." मग झमकीबाईजवळ गेले. तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि तशीच उभी राहिले. तिच्या बोटांना अजून लोकरीचा लाल रंग लागलेला होता.

"चाला, जेवून जा," ती म्हणाली.

चांद्या आपल्या पायांनी घरी आला. आम्ही ओसरीत बसलो. झमकीबाईनं चूल पेटवली, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. खेमसिंग आमच्या ओळीत बसला. तिनं त्याच्या ताटात भाकर टाकली आणि दुसरीकडे बघितल्यासारखं करून त्याच्याच हाताकडे बघत राहिली. त्यानं तुकडा मोडला. मग दुसरा. एक भाकर संपली, तिनं न विचारता दुसरी टाकली. तिसरी त्यानं मागून घेतली. आम्ही उगाच पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो, त्याच्याकडे बघायचं नाही असं जणू ठरलं होतं. पाचवी झाली तेव्हा झमकीबाईनं डब्यात हात घातला आणि तो रिकामा निघाला.

"पीठ सरलं," ती म्हणाली.

"मंग आन ना," खेमसिंग म्हणाला. "भूक लागली."

ती परात घेऊन बाहेर गेली. शेजारणीचं घर चार पावलांवर होतं, हळू बोलली असती तरी भागलं असतं. पण ती तांड्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि जीव तोडून ओरडली, "पीठ द्या वो कोनी! माहा मालक जेवून राह्यला! जेवून राह्यला वो, पीठ द्या!"

दारं उघडली. एका घरातून, मग दुसऱ्या, मग सगळ्याच घरांतून बाया ओंजळी भरभरून पीठ घेऊन आल्या.